नोंदणीपुस्तकातून नाव काढल्यावर : आधी अपील की थेट उच्च न्यायालय?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर आपल्याला लगेच सांगता येईल. आपल्या थोरल्या ताई स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत आणि सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी त्यांचे स्वतःचे छोटे प्रसूतिगृह आहे. बाळंतपणानंतर एका रुग्णेला अतिरक्तस्राव सुरू झाला, तिला मिरजेला हलवण्यात आले आणि तेथे तिचा मृत्यू झाला. नातेवाइकांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. रुग्णेला पुढे पाठवण्यास विलंब केल्याचा ठपका ठेवून परिषदेने ताईंचे नाव एका वर्षासाठी डॉक्टरांच्या नोंदणीपुस्तकातून काढण्याचा दोन पानी आदेश दिला. याच घटनेवरची ग्राहक आयोगातील तक्रार मात्र फेटाळली गेली आहे. एक वकील म्हणतात थेट उच्च न्यायालयात जा, दुसरे म्हणतात आधी दिल्लीला, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे, अपील करा. आपल्याला तीन गोष्टी हव्या आहेत : न्यायालय हा आदेश रद्द करू शकते का, कोणत्या वाटेने जायचे, आणि तोवर प्रसूतिगृह चालू ठेवता येईल का.

मी उच्च न्यायालयात वकिली करतो आणि आरोग्य क्षेत्रातील परिषदांच्या आदेशांविरुद्धची प्रकरणे बरीच वर्षे हाताळत आलो आहे, बहुतेक वेळा डॉक्टरांच्या वतीने आणि क्वचित तक्रारदारांच्याही वतीने. ताईंच्या प्रकरणातील आदेश आणि कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे पुढील बरेचसे विवेचन त्या दोन पानांत काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहून गेले आहे यावर अवलंबून राहील.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की आदेश रद्द होऊ शकतो, पण ज्या कारणाने तो रद्द व्हावा असे आपल्या घरच्यांना वाटते त्या कारणाने बहुधा होणार नाही. आमच्याकडे येणारे डॉक्टर सोबत पाठ्यपुस्तकांच्या झेरॉक्स आणि दोन-तीन ज्येष्ठ प्राध्यापकांची अनुकूल पत्रे घेऊन येतात. न्यायमूर्ती हे सारे वाचतील आणि उपचार योग्यच होते असा निर्वाळा देतील, अशी त्यांची समजूत असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खालील रिट याचिकेत, म्हणजे अशा आदेशाची वैधता तपासण्यासाठी थेट उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत, तसे घडत नाही. तेथे साक्षीपुरावा सहसा नव्याने घेतला जात नाही. रक्तस्राव किती झाला, ऑक्सिटोसिन किती दिले, गर्भाशय काढण्याचा निर्णय कधी घ्यायला हवा होता, या प्रश्नांवर परिषदेतील डॉक्टरांच्या मताच्या जागी न्यायालय आपले मत बसवत नाही. परिषद त्या निष्कर्षापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचली एवढेच ते पाहते. परिषदेच्या क्षेत्राबद्दल न्यायालये किती सावध असतात हे पाहायचे असेल तर 2023 चा एक निकाल बोलका आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने न्यायालयाच्या अवमानाच्या प्रकरणात एका डॉक्टरची वैद्यकीय नोंदणी निलंबित केली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण नोंदणीवर कारवाई करण्याचा अधिकार कायद्याने वैद्यक परिषदेला आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला दिलेला आहे आणि अवमानाची शिक्षा म्हणून न्यायालयाला तो वापरता येत नाही.

ही सावधगिरी दुधारी आहे. जो अधिकार फक्त परिषदेला आहे तो तिने कायद्याने आखलेल्या चौकटीतच वापरला पाहिजे. ही चौकट आहे महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, 1965, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, 2019 आणि व्यावसायिक आचरणाविषयीचे 2002 चे विनियम यांची. येथे एक गोंधळ दूर करतो, कारण आपण पाठवलेल्या मजकुरात 2023 च्या विनियमांचा उल्लेख आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे आचरण विनियम 2 ऑगस्ट 2023 रोजी अधिसूचित केले होते, पण त्याच महिन्याच्या 23 तारखेला ते स्थगित ठेवून 2002 चेच विनियम पुन्हा लागू केले. 2023 चे कलम उद्धृत करून लिहिलेले अपील पहिल्याच पानावर विश्वासार्हता गमावते.

या 2002 च्या विनियमांतील आठवे प्रकरण ताईंनी स्वतः वाचावे, वकिलांवर सोपवू नये. विनियम 8.2 प्रमाणे चौकशीत डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि दोषी ठरल्यास परिषद तिला आवश्यक वाटेल ती शिक्षा देऊ शकते किंवा ठरावीक मुदतीसाठी अथवा कायमचे नाव काढू शकते. 8.4 मध्ये तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा असे म्हटले आहे. ती मुदत उलटून गेली म्हणून आदेश आपोआप रद्द होत नाही. परिषदेसमोर वर्षानुवर्षे पडून राहिलेली प्रकरणे पुष्कळ आहेत आणि केवळ विलंबाच्या मुद्द्यावर दिलासा मिळालेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. दरम्यानच्या काळात एखादा महत्त्वाचा साक्षीदार गेला किंवा नोंदी नष्ट झाल्या, असे दाखवता आले तरच त्या मुद्द्याला वजन येते.

न्यायालयात खरोखर चालणाऱ्या मुद्द्यांत सर्वांत आधी मी आदेशातील कारणमीमांसा पाहतो. दोन पानी आदेशांची रचना मला आता तोंडपाठ झाली आहे. पहिले पानभर तक्रारीचा गोषवारा असतो, त्याखाली डॉक्टरच्या उत्तराच्या चार ओळी, आणि मग दोन्ही बाजूंचे म्हणणे व कागदपत्रे विचारात घेता डॉक्टर दोषी आढळतात अशा आशयाचे एकच वाक्य, ज्याला जोडूनच शिक्षा येते. डॉक्टरने विलंबाचे जे स्पष्टीकरण दिले ते का स्वीकारले नाही, याबद्दल अक्षरही नसते. अर्धन्यायिक काम करणाऱ्या, म्हणजे न्यायालय नसूनही निवाडा देणाऱ्या, प्राधिकाऱ्याने आपल्या निर्णयाची कारणे नोंदवली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1990 साली स्पष्ट केले आहे. त्याला जोडून मोहिंदर सिंग गिल प्रकरणातील, डिसेंबर 1977 मधला निकाल येतो : वैधानिक आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला किंवा पडला पाहिजे, न्यायालयात नंतर शपथपत्र दाखल करून त्यात नवी कारणे भरता येत नाहीत. परिषदेच्या वतीने उत्तरादाखल वीस पानांचे सविस्तर शपथपत्र येते तेव्हा डॉक्टरांचे कुटुंब घाबरून जाते. मला उलट बरे वाटते, कारण जे आदेशात लिहायला हवे होते ते आता शपथपत्रात लिहावे लागते आहे याची ती जवळजवळ कबुलीच असते.

दुसरा मुद्दा ताईंच्या बाबतीत सर्वांत मोलाचा ठरू शकेल असे मला वाटते. आदेशात ‘तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार’ असे शब्द असल्याचे आपण ओझरते लिहिले आहे. तो अभिप्राय कोणाचा होता, लेखी होता का, आणि निर्णयापूर्वी त्याची प्रत ताईंना मिळाली होती का? मिळाली नसेल, तर ज्या कागदावर दोष ठरला तो कागदच आरोपीला दाखवला नाही असा अर्थ होतो. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा याहून सरळ भंग शोधून सापडणार नाही. तरीही एवढे सांगून भागत नाही. 1996 च्या स्टेट बँक ऑफ पतियाळा प्रकरणापासून न्यायालये विचारतात की या त्रुटीमुळे तुमचे प्रत्यक्ष नुकसान काय झाले, तो कागद दाखवला असता तर तुम्ही वेगळे काय सांगितले असते. या प्रश्नाला नेमके उत्तर तयार नसेल तर चांगला मुद्दाही हातातून निसटतो.

हे उत्तर कसे तयार करायचे ते एका जुन्या प्रकरणावरून सांगतो, कारण ते ताईंच्या प्रकरणाशी बरेच जुळते. त्या डॉक्टरवरही रुग्णेला उशिरा पुढे पाठवल्याचा ठपका होता, आणि न दाखवलेल्या तज्ज्ञ अभिप्रायात म्हटले होते की रक्तस्राव सुरू झाल्यापासून रुग्णा बाहेर पडेपर्यंत दीड तास वाया गेला. आम्ही केसपेपर, परिचारिकांच्या नोंदी, 108 रुग्णवाहिकेच्या कॉलची नोंद आणि रक्तपेढीची पावती एकापुढे एक ठेवली. रुग्णवाहिकेसाठी पहिला फोन रक्तस्राव सुरू झाल्याच्या नोंदीनंतर बारा मिनिटांनी गेलेला होता. उरलेला वेळ रुग्णवाहिका येण्यात आणि तिच्यात चढवण्यापूर्वी रुग्णेचा रक्तदाब सावरण्यात गेला होता, आणि त्या काळात दर दहा मिनिटांनी नाडी व रक्तदाब लिहिलेले होते. अभिप्राय देणाऱ्या तज्ज्ञासमोर यातला फक्त केसपेपर होता. अभिप्रायाची प्रत आधी मिळाली असती तर कॉलची नोंद त्या तज्ज्ञासमोर ठेवता आली असती, असे आम्हाला सांगता आले आणि प्रकरण फेरविचारासाठी परत गेले. रक्तस्राव हाताळण्याची पद्धत बरोबर होती की नाही यावर न्यायालयाने एक शब्दही काढला नाही. तेव्हा ताईंनी आजच ती वेळांची जुळणी करायला घ्यावी. प्रत्येक वेळेपुढे ती कोणत्या कागदावरून घेतली हे लिहावे, आणि कोणत्याही नोंदीत आता एक काना-मात्राही बदलू नये. नंतर भरलेली नोंद शाईच्या रंगावरूनही ओळखू येते आणि मग उरलेली सगळी फाइल संशयाखाली जाते.

तिसरी बाब रोजनाम्याची. परिषदेच्या सुनावणीच्या प्रत्येक तारखेला कोण सदस्य हजर होते, काय दाखल झाले, पुढची तारीख का पडली, याची नोंद असते. तिची प्रमाणित प्रत परिषदेकडे अर्ज करून मागावी आणि टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात मागावी. ज्यांनी युक्तिवाद ऐकला तेच सदस्य निर्णयावर सही करणारे आहेत का, हे मी पहिल्यांदा तपासतो. आंध्र प्रदेशातील बस वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात, जेथे सचिवांनी सुनावणी घेतली आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला, सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली म्हटले की एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे असेल तर प्रत्यक्ष सुनावणी ही निव्वळ औपचारिकता उरते. समितीने चौकशी करून अहवाल द्यायचा आणि परिषदेने निर्णय घ्यायचा अशी रचना कायद्यानेच मान्य केली असेल तर तेवढ्याने दोष निघत नाही. मग प्रश्न असा उरतो की समितीचा अहवाल ताईंना देऊन त्यावर त्यांचे म्हणणे मागवले होते का.

पक्षपाताचा मुद्दा मात्र जपून वापरावा. चौकशी करणाऱ्यांपैकी एक जण त्याच शहरातील प्रतिस्पर्धी रुग्णालयाचे आहेत, असे बरेच डॉक्टर निकाल विरुद्ध गेल्यावर सांगतात. 1957 साली एका वकिलाच्या गैरवर्तणुकीच्या प्रकरणात, चौकशी न्यायाधिकरणाचा अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराच्या बाजूने उभा राहिलेला होता. ही रचना सदोष होती असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, तरी त्या वकिलाला लाभ दिला नाही, कारण ही गोष्ट माहीत असूनही तो निकाल लागेपर्यंत गप्प बसला होता. ताईंनी सुनावणीदरम्यान लेखी हरकत घेतली नसेल, तर हा मुद्दा याचिकेत अग्रभागी ठेवू नये, एवढेच मी म्हणेन.

शिक्षेच्या प्रमाणाबद्दल थोडक्यात. दोष कायम राहिला तरी एका वर्षासाठी नाव काढणे अवाजवी आहे, ताकीद पुरेशी होती, असा पर्यायी युक्तिवाद नेहमी ठेवावा. पण बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात 1995 साली ठरलेली कसोटी कडक आहे. शिक्षा न्यायालयाच्या सदसद्विवेकाला धक्का देणारी असावी लागते, आणि तशी ती वाटली तरी न्यायालय सहसा प्राधिकाऱ्यालाच फेरविचार करायला सांगते, स्वतः शिक्षा बदलण्याचे प्रसंग विरळा. जेथे रुग्णेचा मृत्यू झाला आहे तेथे एक वर्ष ही मुदत धक्कादायक वाटेल असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. पूर्वीची निष्कलंक कारकीर्द आणि परिसरात दुसरी प्रसूतिसेवा नसणे या गोष्टी आदेशात विचारातच घेतल्या नसतील तर तेवढ्यावर भर द्यावा.

ग्राहक आयोगाचा अनुकूल निकाल जोडावा जरूर, पण त्यावर भिस्त ठेवू नये. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले तेव्हापासून एकाच घटनेवर तीन ठिकाणी चौकशी होणे नित्याचे झाले आहे. ग्राहक आयोग नुकसानभरपाई पाहतो, फौजदारी न्यायालयात जेकब मॅथ्यू प्रकरणाच्या 2005 च्या निकालाप्रमाणे ढोबळ स्वरूपाचा निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो, आणि परिषद व्यावसायिक आचरण तपासते. एका ठिकाणचा निकाल दुसऱ्यावर आपोआप बंधनकारक होत नाही. ग्राहक आयोगासमोर एखाद्या तज्ज्ञाची उलटतपासणी झाली असेल आणि त्यात विलंब नव्हता असे आले असेल, तर तो भाग निकालापेक्षा अधिक उपयोगी आहे. परिषदेसमोर तो दाखल केला होता आणि तरीही आदेशात त्याचा उल्लेख नाही, असे असेल तर कारणमीमांसेचा मुद्दा आणखी धारदार होतो.

आता वाटेचा प्रश्न. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाच्या कलम 30 प्रमाणे राज्य परिषदेच्या कारवाईने व्यथित झालेल्या डॉक्टरला आयोगाच्या नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे पहिले अपील करता येते आणि मंडळाच्या निर्णयाविरुद्ध खुद्द आयोगाकडे साठ दिवसांत दुसरे. पहिल्या अपिलासाठी 2002 च्या विनियमांतील 8.8 प्रमाणे आदेश मिळाल्यापासून साठ दिवस धरावेत. पुरेसे कारण असेल तर आणखी साठ दिवसांचा विलंब माफ होऊ शकतो, पण त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये. या अपिलात एक मोठा लाभ आहे जो रिट याचिकेत नाही. मंडळात डॉक्टर आहेत, ते केसपेपर वाचू शकतात आणि उपचार योग्य होते की नाही हा मूळ प्रश्न नव्याने तपासू शकतात. ताईंचे खरे गाऱ्हाणे उपचारांबद्दलच्या निष्कर्षाविरुद्ध असेल तर त्यासाठी जागा तीच आहे.

थेट उच्च न्यायालयात गेल्यास परिषदेचे वकील पहिल्याच मिनिटाला पर्यायी उपाय उपलब्ध असल्याची हरकत घेतील. ती हरकत ओलांडण्याचे मार्ग 1998 च्या व्हर्लपूल निकालात सांगितले आहेत : मूलभूत हक्कांची अंमलबजावणी हवी असेल, नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल, आदेश अधिकारक्षेत्राबाहेरचा असेल किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान असेल. व्यवसाय करण्याचा हक्क मूलभूत आहे म्हणून प्रत्येक प्रकरण पहिल्या अपवादात बसते असे काही जण म्हणतात. तो युक्तिवाद एकट्याने फारसा चालत नाही. परिषदेच्या अधिकाराबद्दलही एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही काळ परिषदेवर प्रशासक होते. आदेश त्या काळातला असेल तर त्यांना शिस्तभंगाची शिक्षा देण्याचे अधिकार नियुक्तीच्या आदेशाने मिळाले होते का, हे वकिलांनी तपासावे.

इथवरचे एकत्र पाहिले तर माझा सल्ला असा ठरतो. तज्ज्ञ अभिप्राय दाखवलाच नव्हता हे कागदोपत्री स्पष्ट होत असेल आणि वेळांची जुळणी ताईंच्या बाजूची असेल, तर थेट याचिका करण्यासारखी आहे. अभिप्राय दिला होता, सुनावणी नीट झाली होती आणि वाद फक्त निष्कर्षाचा असेल, तर अपीलच करावे. थेट याचिका केल्यास ती अपिलाच्या मुदतीतच करावी आणि अपिलाचा मसुदाही तयार ठेवावा. याचिकेतले महिने अपिलाच्या मुदतीतून वगळून मिळतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

तरीही बहुतेक कुटुंबांना हा सगळा वाद दुय्यम वाटतो, आणि त्यात त्यांचे चुकत नाही, कारण एका वर्षाची शिक्षा असलेल्या प्रकरणात अंतिम निकालापेक्षा स्थगितीच अधिक महत्त्वाची असते. अपिलाचा निकाल अकराव्या महिन्यात लागला तर त्या यशाचा व्यवहारात फारसा अर्थ उरत नाही. नाव काढले गेल्याचा डाग राहतोच, म्हणून मुदत संपली तरी याचिका निरर्थक होत नाही असे सांगता येते, पण बंद पडलेले प्रसूतिगृह त्याने उघडत नाही. काही आदेशांत अंमल ठरावीक दिवसांनी सुरू होईल असे लिहिलेले असते, ते आधी पाहावे. अपिलासोबतच स्थगितीचा स्वतंत्र अर्ज द्यावा. कलम 30 मध्ये स्थगितीचा वेगळा उल्लेख नाही, पण अपील ऐकण्याच्या अधिकारात स्थगिती देण्याचा आनुषंगिक अधिकार येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या संदर्भात 1968 साली सांगितले आहे आणि तो दाखला येथेही देता येतो. अर्जावर लवकर सुनावणी होत नसेल, तर तेवढ्यापुरती मर्यादित रिट याचिका करावी. त्यात आदेश रद्द करा असे न म्हणता, मंडळ स्थगितीच्या अर्जावर निर्णय घेईपर्यंत अंमलबजावणी थांबवावी आणि त्या निर्णयाला मुदत घालून द्यावी, एवढीच मागणी असते. पर्यायी उपायाची हरकत तिथे बोथट होते, कारण तो उपाय आपण आधीच वापरलेला असतो. ‘आधी दिल्ली’ म्हणणारे आणि ‘थेट उच्च न्यायालय’ म्हणणारे अशा दोन्ही वकिलांचे समाधान होईल असा हा मधला मार्ग आहे, आणि माझ्या व्यवहारात मी तोच सर्वांत जास्त वापरला आहे.

स्थगिती मागताना समोरच्या न्यायमूर्तींच्या मनात एकच चिंता असते : हा आदेश थांबवला आणि उद्या दुसऱ्या बाळंतिणीचे काही बरेवाईट झाले तर? ती चिंता अनुत्तरित ठेवून कायद्याचे दाखले वाचत राहणे व्यर्थ आहे. ताईंनी मर्यादित हमीपत्र देण्याची तयारी ठेवावी असे मी सुचवतो. उदाहरणार्थ, निकाल लागेपर्यंत जोखमीची बाळंतपणे न घेता ती पुढे पाठवणे, प्रसूतीच्या वेळी दुसरे तज्ज्ञ उपस्थित ठेवणे, किंवा तेवढ्या काळापुरते फक्त बाह्यरुग्ण तपासणीवर थांबणे. विनियम 8.5 मध्ये चौकशी चालू असताना परिषदेला केवळ वादग्रस्त प्रक्रियेपुरताच प्रतिबंध करता येतो अशी तरतूद आहे, आणि तिचा आधार घेऊन असा मधला तोडगा मांडणे सोपे जाते. पुष्कळ डॉक्टरांना हे हमीपत्र म्हणजे चूक कबूल केल्यासारखे वाटते. ते तसे नाही, फक्त ‘दोष अमान्य असून हक्क राखून’ हे शब्द त्यात असले पाहिजेत.

याचिका कुठे टाकायची याबद्दल. परिषदेचा आदेश मुंबईचा असला तरी सांगली जिल्हा आता उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे येतो. 18 ऑगस्ट 2025 पासून तेथे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे चालतात. मुंबईत की कोल्हापुरात हे दाखल करण्यापूर्वीच निबंधक कार्यालयाकडून पक्के करून घ्यावे, कारण स्थगितीची घाई असताना अधिकारक्षेत्राच्या हरकतीत एक आठवडाही घालवणे परवडत नाही.

निकालाबद्दलच्या अपेक्षाही मर्यादित ठेवाव्यात. उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला तरी बहुतेक वेळा प्रकरण पुन्हा परिषदेकडे जाते, अभिप्रायाची प्रत देऊन नव्याने सुनावणी होते आणि पुन्हा दोषाचा निष्कर्ष निघू शकतो, या वेळी कारणांसह. रुग्णेच्या नातेवाइकांनाही त्या सुनावणीत तितकाच हक्क आहे. ते उच्च न्यायालयात प्रतिवादी म्हणून असावेत हे मी आवर्जून पाहतो, कारण त्यांच्या गैरहजेरीत मिळालेली स्थगिती त्यांनी धाव घेताच उठू शकते.

हाच प्रश्न औषधनिर्मात्याबाबत विचारला असता तर वाट वेगळी असती. औषधशास्त्र अधिनियम हा 1948 चा कायदा असून त्यात राज्य परिषदेच्या आदेशाविरुद्धचे अपील राज्य शासनाकडे जाते आणि मुदत तीस दिवसांचीच आहे. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची कारवाईही निराळी. तेथे कलम 23 प्रमाणे न्यायालयाने आरोप निश्चित केल्यावर खटला निकाली निघेपर्यंत नोंदणी निलंबित होऊ शकते, आणि दोषसिद्धीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षे व पुढील गुन्ह्यासाठी कायमचे नाव काढले जाते. त्या प्रकरणांत आरोप निश्चितीची तारीख सर्वांत आधी पाहावी लागते.

शेवटचा प्रश्न प्रसूतिगृहाचा. आदेशाचा अंमल सुरू झाला असेल आणि स्थगिती नसेल, तर ताईंनी एकही रुग्ण तपासू नये, एकाही चिठ्ठीवर सही करू नये, दूरध्वनीवरून औषध सांगू नये. नाव नोंदणीपुस्तकात नसताना व्यवसाय करणे हा 2019 च्या अधिनियमाच्या कलम 34 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. त्याहून तातडीचा धोका असा की त्या काळातली एक चिठ्ठी विरुद्ध बाजूने दाखल केली की स्थगितीचा अर्ज तिथेच संपतो. दुसऱ्या नोंदणीकृत स्त्रीरोगतज्ज्ञाची पूर्णवेळ व्यवस्था करून प्रसूतिगृह चालवता येते की नाही, हे 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचे प्रमाणपत्र कोणाच्या नावे आणि कोणत्या अटींवर आहे यावर ठरेल. ते ताईंच्याच नावे असेल, तर स्थानिक नोंदणी प्राधिकाऱ्याला लेखी कळवून आणि पोच घेऊन मगच पुढे जावे. दाखल असलेल्या रुग्णांची आणि पुढच्या महिन्यांत तारीख असलेल्या गर्भवतींची यादी करून त्यांच्या फाइलच्या प्रती त्यांना द्याव्यात. रुग्णाने मागितल्यास 72 तासांत नोंदी देणे हे त्याच विनियमांखालचे कर्तव्य आहे, आणि नवी तक्रार उद्भवू नये यासाठी या घडीला ते काटेकोरपणे पाळणे सर्वांत गरजेचे आहे. आदेशाची प्रत ताईंच्या हाती कोणत्या तारखेला पडली ते आपण लिहिलेले नाही. साठ दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत, म्हणून टपालाचे पाकीट फेकू नका.